टेस्टोस्टेरॉन

टेस्टोस्टेरॉन हे स्टेरॉइड वर्गातील एक संप्रेरक असून पुरुषाच्या शरीरातील ते प्रमुख लैंगिक संप्रेरक होय. पुरुषांमध्ये ते मुख्यतः वृषणांत तयार होते. स्त्रियांमध्ये अंडाशय, अधिवृक्क ग्रंथी आणि मेदासारख्या इतर ऊतींत ते अल्प प्रमाणात तयार होते. गर्भावस्थेत पुरुष जननेंद्रियांची घडण, पौगंडावस्थेतील शारीरिक बदल, शुक्रजंतूंची निर्मिती, स्नायूंची व हाडांची बळकटी, तांबड्या रक्तपेशींची निर्मिती आणि कामेच्छा यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. वृषणांच्या किंवा मेंदूतील नियंत्रक ग्रंथींच्या विकारामुळे हे संप्रेरक कमी पडल्यास ते औषध म्हणून बाहेरून देता येते. मात्र बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शरीरातील मूळ निर्मितीत भर घालत नाही, ते तिची जागा घेते. त्याचे वैद्यकीय उपयोग आणि त्याचे बरेचसे धोके समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

नाव व रासायनिक स्वरूप

‘टेस्टोस्टेरॉन’ हे नाव १९३५ मध्ये प्रचारात आले. वृषण या अर्थाचा लॅटिन शब्द ‘टेस्टिस’, ‘स्टेरॉल’ हा रासायनिक वर्ग आणि कीटोन गटाची खूण असलेला ‘ओन’ हा प्रत्यय यांच्या जोडणीतून ते बनले आहे. त्याच्या एका रेणूत कार्बनचे १९, हायड्रोजनचे २८ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. त्याचा रेणुभार सुमारे २८८ आहे. शरीर हे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून तयार करते. ते मेदात विरघळते, परंतु पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे पेशींच्या आवरणातून ते सहज आत शिरते, पण रक्तातून वाहून नेले जाण्यासाठी त्याला प्रथिनांचा आधार लागतो. मनुष्य, बैल, घोडा आणि कोंबडा यांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनचा रेणू एकसारखाच असतो.

इतिहास

वृषणांचा शरीराच्या ठेवणीशी आणि स्वभावाशी संबंध असतो, हे शेतकरी समाजांना संप्रेरकांचा शोध लागण्याच्या हजारो वर्षे आधीपासून ठाऊक होते. नांगराला किंवा गाडीला जुंपायचा खोंड खच्ची केला की तो शांत होतो व जू मानेवर घेण्यास सरावतो. खच्ची न केलेल्या वळूची मान जाड, वशिंड मोठे आणि वृत्ती मारकी राहते. युरोपात सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत गायनासाठी काही मुलांची वृषणे वयात येण्यापूर्वीच काढून टाकली जात. अशा ‘कास्ट्राटो’ गायकांचा आवाज फुटत नसे, दाढी-मिशा येत नसत आणि हातपाय मात्र नेहमीपेक्षा लांब वाढत. या परंपरेतील शेवटचे ज्ञात गायक आलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ मध्ये निधन पावले.

या निरीक्षणांमागील कारण प्रयोगाने प्रथम दाखवले ते जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथील आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी. १८४९ मध्ये त्यांनी काही तरुण कोंबड्यांची वृषणे काढली. अशा कोंबड्यांचा तुरा खुरटला, आरवणे व झुंजणे थांबले. परंतु काढलेले वृषण पुन्हा त्यांच्याच उदरपोकळीत रुजवल्यावर ही सर्व लक्षणे परतली. रुजवलेल्या वृषणाचा जुन्या चेतातंतूंशी काहीही संबंध उरलेला नव्हता. त्याला मिळत होते ते केवळ रक्त. त्यावरून वृषणातून रक्तात मिसळणारा एखादा पदार्थ दूरच्या अवयवांवर परिणाम करतो, असा निष्कर्ष निघाला.

१८८९ मध्ये फ्रान्समधील नामवंत शरीरक्रियावैज्ञानिक शार्ल-एद्वार ब्राऊन-सेकार यांनी वयाच्या ७२ व्या वर्षी कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपली शक्ती परत आल्याचे जाहीर केले. हा अर्क पाण्यात केलेला होता. टेस्टोस्टेरॉन पाण्यात विरघळत नाही आणि वृषणांत त्याचा साठाही केला जात नाही. त्यामुळे त्या अर्कात हे संप्रेरक नगण्य असणार आणि जाणवलेला परिणाम विश्वासातून आलेला असणार, असे आज मानले जाते. तरीही अशा अर्कांचा बाजार काही काळ जोरात चालला.

शुद्ध स्वरूपातील संप्रेरक मिळवण्यासाठी प्रचंड प्रमाणात कच्चा माल लागे. आडोल्फ ब्युटेनान्ट यांनी १९३१ मध्ये सुमारे १५,००० लिटर मूत्रापासून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे संबंधित संप्रेरक वेगळे केले. १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथील एर्न्स्ट लाकूर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांपासून स्फटिकरूप टेस्टोस्टेरॉन मिळवले. त्याच वर्षी ब्युटेनान्ट यांनी, तसेच स्वित्झर्लंडमध्ये लेओपोल्ड रुझिच्का यांनी, ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून जाहीर झाले. नाझी राजवटीच्या दबावामुळे ब्युटेनान्ट यांना ते त्या वेळी नाकारावे लागले. १९४१ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स हगिन्स यांनी प्रोस्टेटचा कर्करोग या संप्रेरकावर पोसला जातो आणि ते कमी केल्यास रोग आटोक्यात येतो, हे दाखवले. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

निर्मिती व नियंत्रण

वृषणात दोन प्रकारची कामे शेजारी-शेजारी चालतात. शुक्रजनक नलिकांमध्ये शुक्रजंतू तयार होतात, तर या नलिकांच्या मधल्या जागेतील लायडिख पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात. निरोगी प्रौढ पुरुषाच्या शरीरात रोज साधारणपणे ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन निर्माण होते. त्यातील सुमारे ९५ टक्के वृषणांतून आणि उरलेले मुख्यतः अधिवृक्क ग्रंथींतील पूर्वद्रव्यांपासून येते.

या निर्मितीची सूत्रे मेंदूकडे असतात. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक दर दीड-दोन तासांनी एका संप्रेरकाचे लहान लहान झोत सोडतो. त्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएच लायडिख पेशींना टेस्टोस्टेरॉन तयार करायला लावते, तर एफएसएच शुक्रजनक नलिकांतील सर्टोली पेशींमार्फत शुक्रजंतूंच्या निर्मितीला मदत करते. रक्तातील टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की अधश्चेतक व पीयूषिका यांना ते जाणवते आणि त्या आपले इशारे कमी करतात.

ही रचना घराच्या गच्चीवरील टाकीत तरंगणाऱ्या बॉलकॉकसारखी आहे. पाणी खाली गेले की गोळा खाली जातो व नळ उघडतो, टाकी भरली की गोळा वर येतो व नळ बंद होतो. टाकीत बाहेरून बादल्या ओतल्या तरी गोळा वरच येतो. पाणी कोठून आले हे त्याला कळत नाही. त्याचप्रमाणे बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले की मेंदू एलएच व एफएसएच थांबवतो आणि वृषणांचे दोन्ही कामांचे इशारे बंद होतात.

यात आणखी एक महत्त्वाची बाब आहे. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या अनेक पटींनी जास्त असते आणि शुक्रजंतू तयार होण्यासाठी ही आतली उच्च पातळी लागते. इंजेक्शनाने रक्तातील पातळी वाढवता येते, वृषणातील नाही. किंबहुना वृषणातील पातळी त्यामुळे कोसळते.

रक्तातील प्रमाण

रक्तातील बहुतांश टेस्टोस्टेरॉन लैंगिक संप्रेरक वाहून नेणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाला आणि अल्ब्युमिनला जोडलेले असते. केवळ २ टक्क्यांच्या आसपास मुक्त असते. प्रौढ पुरुषांत एकूण प्रमाण साधारणपणे ३०० ते १,००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, तर स्त्रियांत सुमारे १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. प्रयोगशाळेगणिक आणि तपासणीच्या पद्धतीगणिक या मर्यादा थोड्या बदलतात.

दिवसभरात हे प्रमाण स्थिर नसते. तरुणांमध्ये ते सकाळी सर्वाधिक असते आणि संध्याकाळपर्यंत लक्षणीय उतरते. जेवणानंतर ते काही काळ कमी होते. ताप, शस्त्रक्रिया किंवा कोणताही तीव्र आजार, उपासमार आणि अपुरी झोप यांमुळेही ते खाली येते. म्हणून तपासणीसाठी रक्त सकाळी उपाशीपोटी घेतात आणि पहिला आकडा कमी आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करतात. संध्याकाळी किंवा आजारपणात केलेल्या एकाच तपासणीवरून कमतरतेचे निदान करता येत नाही.

तिशी-चाळिशीनंतर हे प्रमाण दरवर्षी सरासरी सुमारे एक टक्का या संथ गतीने उतरते. स्त्रियांच्या रजोनिवृत्तीप्रमाणे त्यात एकाएकी घट होत नाही. लठ्ठपणा आणि दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असणाऱ्यांत ते सरासरीने कमी आढळते. वजन घटल्यावर ते अनेकदा औषधाविना वाढते.

कार्यपद्धती

टेस्टोस्टेरॉन पेशीत शिरल्यावर अँड्रोजन ग्राही नावाच्या प्रथिनाला जोडले जाते. ही जोडी पेशीकेंद्रात जाऊन विशिष्ट जनुकांचे कार्य चालू किंवा बंद करते. काही ऊतींत त्याआधी त्याचे रूपांतर होते. त्वचा, केसांची मुळे आणि प्रोस्टेट ग्रंथी येथे ५-अल्फा रिडक्टेज या विकरामुळे त्यापासून अधिक प्रभावी असे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार होते. मेद, हाडे आणि मेंदू येथे अरोमाटेझ या विकरामुळे त्याचे एस्ट्रॅडायॉलमध्ये, म्हणजे सामान्यतः स्त्रियांचे समजल्या जाणाऱ्या संप्रेरकात, रूपांतर होते.

हे दुसरे रूपांतर पुरुषांनाही अत्यावश्यक आहे. १९९४ मध्ये वर्णन झालेल्या एका पुरुषाच्या पेशींना एस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. टेस्टोस्टेरॉन पुरेसे असूनही प्रौढ वयात त्याची उंची वाढतच होती आणि हाडे विरळ झाली होती. उंची थांबवणारी हाडांच्या टोकांची क्रिया आणि हाडांची घनता या दोन्ही गोष्टी पुरुषांतही मोठ्या प्रमाणात एस्ट्रॅडायॉलवर अवलंबून असतात, हे त्यावरून स्पष्ट झाले.

शरीरावरील परिणाम

गर्भावस्थेत सुमारे आठव्या आठवड्यापासून पुरुष गर्भाची वृषणे टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात. त्याच्या प्रभावाने अधिवृषण, शुक्रवाहिनी व शुक्राशय घडतात. शिश्न, वृषणकोश आणि प्रोस्टेट यांच्या घडणीसाठी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन लागते. अँड्रोजन ग्राही पूर्णतः निकामी असल्यास एक्स-वाय गुणसूत्रे असलेल्या बालकाचे बाह्यरूप मुलीचे असते. ५-अल्फा रिडक्टेजची उणीव असलेल्या बालकांचे जन्मवेळचे बाह्यरूप मुलीसारखे किंवा संदिग्ध असते, पण वयात येताना त्यांच्या शरीरात पुरुषी बदल होतात. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील अशा कुटुंबांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून मिळालेल्या ज्ञानाच्या आधारे प्रोस्टेटच्या वाढीवरील फिनास्टेराइड हे औषध पुढे आले.

पौगंडावस्थेत टेस्टोस्टेरॉनमुळे शिश्न वाढते, जघनभागी व काखेत केस येतात, मिसरूड फुटते, स्वरयंत्र मोठे होऊन आवाज फुटतो, खांदे रुंदावतात आणि स्नायू भरतात. तेलग्रंथी सक्रिय झाल्याने चेहऱ्यावर तारुण्यपीटिका येतात. उंची झपाट्याने वाढते आणि कालांतराने हाडांच्या टोकांच्या वाढीच्या कूर्चा बंद होऊन ती थांबते.

प्रौढ पुरुषांत ते कामेच्छा, स्नायूंचे वस्तुमान, हाडांची घनता आणि शुक्रजंतूंची निर्मिती टिकवते. मूत्रपिंडांतील एरिथ्रोपोएटिनला चालना देऊन ते तांबड्या रक्तपेशी वाढवते. पुरुषांचे हिमोग्लोबिन स्त्रियांपेक्षा सरासरीने जास्त असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन हा एस्ट्रोजेन तयार होण्याच्या मार्गातील एक टप्पा आहे. त्याचे प्रमाण वाजवीपेक्षा वाढल्यास चेहऱ्यावर राठ केस, मुरमे, अनियमित पाळी व केस विरळ होणे ही लक्षणे दिसतात. बहुगाठीय अंडाशय विकार, म्हणजे पीसीओएस, हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. अशी लक्षणे फार वेगाने वाढल्यास अंडाशय किंवा अधिवृक्क ग्रंथीतील गाठीची शक्यता तपासावी लागते.

कमतरता

टेस्टोस्टेरॉनची खरी कमतरता दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात दोष वृषणातच असतो. क्लाइनफेल्टर लक्षणसमूह, ज्यात एक एक्स गुणसूत्र जादा असते, गालगुंडानंतर आलेली वृषणाची सूज, वृषणांना पीळ पडणे, पोटातून खाली न उतरलेली वृषणे, केमोथेरपी आणि किरणोपचार ही त्याची कारणे आहेत. या प्रकारात मेंदूचे इशारे वाढतात, म्हणजे एलएच जास्त आढळते. दुसऱ्या प्रकारात दोष अधश्चेतकात किंवा पीयूषिकेत असतो आणि एलएच कमी किंवा न वाढलेले आढळते. पीयूषिकेतील गाठ, गंधज्ञानाच्या अभावासह येणारा कालमन लक्षणसमूह, अफूवर्गीय वेदनाशामकांचे दीर्घ सेवन आणि थॅलेसेमियात वारंवार रक्त दिल्याने ग्रंथीत साचणारे लोह ही त्याची उदाहरणे होत.

कामेच्छा घटणे, सकाळी शिश्नाला येणारी ताठरता नाहीशी होणे, दाढी विरळ होणे, स्तनांची वाढ, रक्तक्षय आणि हाडे ठिसूळ होणे ही तिची लक्षणे आहेत. थकवा, उदासी आणि एकाग्रता न होणे हीदेखील आढळतात. परंतु ही शेवटची लक्षणे मधुमेह, अवटू ग्रंथीचे विकार, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणे किंवा निव्वळ अतिश्रम यांतही तितकीच सर्रास दिसतात. त्यामुळे लक्षणे आणि रक्तातील खात्रीशीर घट ही दोन्ही असल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. निदानानंतर एलएचची तपासणी करून दोषाचे स्थान शोधले जाते. कारण उपचाराची दिशा, विशेषतः अपत्यप्राप्तीची आशा, त्यावर अवलंबून असते.

वैद्यकीय उपयोग

टेस्टोस्टेरॉनचा मुख्य उपयोग वर सांगितलेल्या खऱ्या कमतरतेत होतो. अशा रुग्णांत ते बहुधा दीर्घकाळ द्यावे लागते. त्यामुळे कामेच्छा, स्नायूंची ताकद, हाडांची घनता आणि हिमोग्लोबिन सुधारतात. वयात येण्यास फार उशीर झालेल्या मुलांना काही महिने अल्प मात्रेत देऊन पौगंडावस्थेला चालना दिली जाते. रजोनिवृत्तीनंतर कामेच्छेच्या क्लेशदायक अभावासाठी स्त्रियांनाही अगदी कमी मात्रेत ते देता येते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीनुसार स्त्रियांमध्ये पुराव्याचा आधार असलेला हा एकमेव उपयोग आहे. जन्मवेळी स्त्री म्हणून नोंद झालेल्या पारलिंगी पुरुषांच्या लिंगपुष्टी उपचारांतही टेस्टोस्टेरॉन मध्यवर्ती असते. त्यात आवाजातील बदल कायमचा असतो. पाळी थांबली तरी गर्भधारणेची शक्यता पूर्णपणे संपत नाही.

याउलट प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन कमी करणे हाच उपचार असतो. त्यासाठी वृषणे काढतात किंवा पीयूषिकेचे इशारे बंद करणारी इंजेक्शने देतात.

वय वाढल्यामुळे पातळी थोडी उतरलेल्या पुरुषांना ते द्यावे का, हा बराच काळ वादाचा विषय राहिला आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ७९० पुरुषांवर झालेल्या आणि २०१६ पासून प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत लैंगिक कार्यात मध्यम सुधारणा दिसली, पण थकव्यावर स्पष्ट लाभ आढळला नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्येच केवळ वार्धक्यामुळे आलेल्या घटीसाठी हे औषध मान्यताप्राप्त नसल्याचे वेष्टनावर नमूद करण्यास भाग पाडले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रॅव्हर्स’ या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या व टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ५,२०० हून अधिक पुरुषांचा समावेश होता. त्यात हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांत वाढ दिसली नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणे, मूत्रपिंडाला तीव्र इजा आणि फुफ्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे या घटना उपचार घेणाऱ्या गटात अधिक आढळल्या.

औषधाची रूपे

शुद्ध टेस्टोस्टेरॉन गोळीच्या रूपात घेतल्यास आतड्यातून ते थेट यकृतात जाते आणि तेथेच बहुतांश निष्प्रभ होते. म्हणून त्याला मेदाम्ल जोडून एस्टर बनवतात व ते तेलात मिसळून स्नायूत टोचतात. एनंथेट व सायपिओनेट हे एस्टर साधारणपणे दर एक ते तीन आठवड्यांनी, तर अनडेकॅनोएट दर १० ते १४ आठवड्यांनी टोचले जाते. अनडेकॅनोएटच्या तोंडाने घ्यायच्या कॅप्सूलही असतात. त्या स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर घ्याव्या लागतात. कातडीवर लावायचे जेल रोज वापरतात. लावलेली जागा वाळण्यापूर्वी लहान मुले किंवा स्त्रिया यांचा तिला स्पर्श झाल्यास औषध त्यांच्या शरीरात जाऊ शकते, म्हणून हात धुणे व जागा झाकणे आवश्यक असते. यकृतात टिकून राहतील अशी रासायनिक बदल केलेली मिथाइलटेस्टोस्टेरॉनसारखी जुनी औषधे यकृताला अपायकारक असल्याने उपचारात मागे पडली आहेत.

दुष्परिणाम

उपचारादरम्यान सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम म्हणजे तांबड्या रक्तपेशींची अतिरिक्त वाढ. रक्तातील पेशींचे प्रमाण ५४ टक्क्यांपलीकडे गेल्यास औषध थांबवतात किंवा मात्रा घटवतात. मुरमे, सूज, स्तनांची वाढ आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार बळावणे हेही संभवते. प्रोस्टेट किंवा स्तनाचा कर्करोग असलेल्यांना हे औषध देत नाहीत. प्रोस्टेटच्या तपासण्या आणि रक्ततपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. गर्भवती स्त्रीच्या शरीरात ते गेल्यास स्त्री गर्भावर पुरुषी परिणाम होऊ शकतो.

वंध्यत्व

पुरुषत्वाचे संप्रेरक म्हणून ओळखले जाणारे टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतल्यास पुरुष तात्पुरता वंध्य होऊ शकतो. मेंदूचे इशारे थांबतात, वृषणातील टेस्टोस्टेरॉन घटते, शुक्रजंतूंची निर्मिती मंदावते किंवा पूर्ण थांबते आणि वृषणांचा आकारही लहान होतो. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून त्याचा अभ्यास झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील चाचणीत निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनंथेट देण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्यांच्या वीर्यातील शुक्रजंतू काही महिन्यांत शून्यावर आले.

औषध थांबवल्यावर बहुतेकांत शुक्रजंतू परततात. गर्भनिरोधक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत सहा महिन्यांत, सुमारे ९० टक्क्यांत एका वर्षात आणि उरलेल्यांत दोन वर्षांपर्यंत ते पूर्ववत झाले. परंतु या चाचण्यांतील पुरुष मुळात निरोगी होते आणि मात्रा मर्यादित होत्या. अनेक वर्षे मोठ्या मात्रा घेतलेल्यांबाबत तेवढी हमी देता येत नाही.

म्हणून ‘शुक्रजंतू कमी आहेत’ या कारणासाठी टेस्टोस्टेरॉन देणे हा उपचार नसून अपाय आहे. नजीकच्या काळात मूल हवे असलेल्या पुरुषाला कमतरता असली तरी ते देत नाहीत. दोष मेंदूच्या बाजूचा असल्यास एलएचसारखे काम करणारे एचसीजी आणि आवश्यकतेनुसार एफएसएच यांची इंजेक्शने देऊन वृषणांनाच कामाला लावता येते. मूल होत नसलेल्या जोडप्यात पतीने व्यायामशाळेत घेतलेल्या इंजेक्शनांची माहिती डॉक्टरांना दिली नाही, तर खरे कारण झाकलेले राहते आणि तपासण्या व उपचार यांचा भार पत्नीवर पडतो. केवळ वीर्यतपासणी आणि खरी माहिती एवढ्यावरही हे टळू शकते.

क्रीडाक्षेत्रातील गैरवापर

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले असता व्यायाम न करणाऱ्यांचेही स्नायू वाढले आणि व्यायाम करणाऱ्यांचे त्याहून अधिक वाढले. ही मात्रा उपचाराच्या मात्रेच्या अनेक पट होती. क्रीडाक्षेत्रात व शरीरसौष्ठवात याहूनही मोठ्या मात्रा गुप्तपणे घेतल्या जातात. त्यातून उच्च रक्तदाब, हृदयाचे स्नायू जाड होणे, चांगल्या कोलेस्टेरॉलची घट, चिडचिड व आक्रमकता हे धोके संभवतात. इंजेक्शने अचानक थांबवल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती सुरू व्हायला वेळ लागतो. त्या काळात थकवा, नैराश्य आणि कामेच्छेचा अभाव जाणवतो. हे टाळण्यासाठी पुन्हा इंजेक्शन घेतले जाते आणि परावलंबित्व वाढत जाते.

ऑलिंपिक स्पर्धांत अशा स्टेरॉइडांची तपासणी १९७६ च्या माँट्रियल स्पर्धेपासून सुरू झाली. टेस्टोस्टेरॉन शरीरातच तयार होत असल्याने केवळ ते सापडणे पुरेसे नसते. मूत्रातील टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन यांचे गुणोत्तर चारपेक्षा अधिक आल्यास पुढील तपासणी केली जाते आणि कार्बनच्या समस्थानिकांवरून बाहेरून घेतलेले औषध ओळखले जाते.

काही महिला खेळाडूंच्या शरीरात नैसर्गिकरीत्याच टेस्टोस्टेरॉन अधिक असते. त्यांना महिला गटात खेळू द्यावे का, हा वेगळा प्रश्न आहे. ओडिशाची धावपटू द्युती चंद हिला २०१४ मध्ये याच कारणाने स्पर्धेबाहेर ठेवण्यात आले. तिने क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये लवादाने संबंधित नियम स्थगित केले. २०१८ मध्ये काही शर्यतींपुरते नवे नियम आले आणि २०२३ मध्ये ते सर्व शर्यतींना लागू करून अधिक कडक करण्यात आले. दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या हिने या नियमांना दिलेले आव्हान युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले.

प्रचलित गैरसमज

नसबंदीने पुरुष दुर्बळ होतो, ही समजूत भारतात व्यापक आहे. नसबंदीत केवळ शुक्रवाहिनी बंद केली जाते. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जात नाही, ते लायडिख पेशींतून थेट रक्तात मिसळते. त्यामुळे नसबंदीनंतर त्याचे प्रमाण, कामेच्छा किंवा ताकद घटत नाही. विशेष म्हणजे १९२० च्या दशकात व्हिएन्नातील ऑयगेन श्टाइनाख यांनी याच्या नेमका उलट समज रुजवला होता. शुक्रवाहिनी बांधल्यास संप्रेरक वाढून तारुण्य परत येते, असे ते सांगत आणि आयरिश कवी विल्यम बटलर येट्स यांनीही १९३४ मध्ये ती शस्त्रक्रिया करून घेतली. दोन्ही समजुती सारख्याच निराधार आहेत.

वीर्यपतनाने, म्हणजे बोलीभाषेतील ‘धातू जाण्याने’, टेस्टोस्टेरॉन संपते हाही गैरसमज आहे. वीर्यात हे संप्रेरक नगण्य असते आणि वृषणांत त्याचा साठा नसून ते सतत तयार होत असते. टक्कल पडणाऱ्यांत टेस्टोस्टेरॉन जास्त असते, असेही नाही. केसांच्या मुळांची डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद देण्याची आनुवंशिक प्रवृत्ती त्याला कारणीभूत असते.

भारतातील कायदेशीर स्थिती

टेस्टोस्टेरॉनची औषधे भारतात नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे. खेळाडूंच्या उत्तेजक सेवनाची तपासणी राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, करते आणि २०२२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. २०१९ च्या पारलिंगी व्यक्तींविषयीच्या कायद्यात संप्रेरक उपचारांची सोय करण्याची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली.